स्टँडवर कोणी आहे का?

दुपारची जेवणं झाली की आमच्या मेडिकल दुकानात माशीसुद्धा फिरकत नाही. नगरचं ऑक्टोबरचं ऊन असं, की आजारी माणूसही म्हणतो, संध्याकाळी बघू. नवरा आतल्या खोलीत आडवा होतो आणि मी बिलाच्या कॉम्प्युटरपुढे बसून राहते. अशाच एका दुपारी समोरून एस.टी.ची एक लाल गाडी गेली आणि कोपऱ्यावर तिने हॉर्न दिला. लांबलचक हॉर्न, शेवटी जरा घसरणारा, घसा बसलेल्या माणसाने हाक मारावी तसा. मी ताडकन उठले.

"हा आमचा हॉर्न!" मी ओरडलेच.

"कोणाचा काय?" आतून नवऱ्याचा झोपेतला आवाज.

"काही नाही, झोप तू."

आमचा म्हणजे आमच्या गेममधला. डी.फार्म. करत होते तेव्हा कॉलेजसमोरच्या सायबर कॅफेत मला एका गेमचं वेड लागलं होतं. बस चालवायचा गेम. परदेशात बनवलेला, त्यामुळे त्यातले रस्ते रुंद, गुळगुळीत, आणि रस्त्यात आडवं कोणीच यायचं नाही. मग चालवण्यात मजा ती काय? पण त्या गेममध्ये आपले आपण रस्ते आणि गाड्या बनवून घालायची सोय होती, आणि मराठी मुलांनी, म्हणजे तेव्हा मला वाटायचं मुलांनीच, तो सपाटाच लावला होता. लाल गाडी बनवली. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत रस्त्याच्या मधून जाणारा ट्रॅक्टर बनवला. अचानक येणारे गतिरोधक बनवले. कोणीतरी एक वरात बनवली होती, ती मिनिटभर पुढे सरकायची आणि मग जागच्या जागी नाचत राहायची. एकाने खऱ्या गाडीचा हॉर्न रेकॉर्ड करून घातला होता. तोच तो, शेवटी घसरणारा.

हे सगळं जमायचं एका फोरमवर. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप नव्हते तेव्हा एखाद्या विषयाच्या वेडाची माणसं इंटरनेटवरच्या एका पानावर येऊन एकमेकांना लिहायची, तसलं पान. आम्ही त्याला स्टँड म्हणायचो. तिथे कोणाला खरं नाव नव्हतं, फक्त टोपणनावं. माझं होतं "मागची सीट". आणि सगळ्यांच्या वर एक होते, ज्यांनी हा स्टँड उघडला. त्यांना सगळे नुसतं "साहेब" म्हणायचे. साहेब फार कडक. कोणी शिवी लिहिली की लगेच उत्तर: "भाषा सांभाळा. गाडीत बायाबापड्या असतात." कोणी वेगाची बढाई मारली की: "चालकाचं कौतुक उतारू सुखरूप उतरल्यावर." मला ते रिटायर झालेले, झुबकेदार मिशांचे गृहस्थ वाटायचे. मी त्यांना जाम घाबरायचे.

मग परीक्षा आली, लग्न आलं, दुकान आलं. स्टँड डोक्यातून गेला तो गेलाच.

त्या दुपारी मी तो पत्ता आठवून आठवून टाइप केला, आणि पान उघडलं! पण आत बघते तर काय, टक्कल घालवण्याची औषधं, पोट कमी करण्याचा चहा, पत्त्यांचे जुगार. जाहिराती नुसत्या गाजरगवतासारख्या माजल्या होत्या. मी खाली जात राहिले, जात राहिले, आणि त्या कचऱ्यात मधेच एक ओळ दिसली:

"शुभ दीपावली. स्टँडवर कोणी आहे का?"

आणखी खाली गेले. आधीच्या वर्षीच्या दिवाळीला पुन्हा तीच ओळ. त्याच्या आधीच्या वर्षीही तीच. दर दिवाळीला एकच माणूस येऊन विचारून जात होता आणि कोणी म्हणजे कोणी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं.

पासवर्ड अजून माझ्या बोटांत होता. मी लिहिलं: "आहे. मागच्या सीटवर."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याला खोकल्याचं औषध देऊन वळते, तर उत्तर आलेलंसुद्धा!

"खरंच माणूस हाय का जाहिरात?"

मला हसूच फुटलं. मी लिहिलं, माणूस आहे. पलीकडून आलं: "मंग सांगा, माझ्या घाटात टपरीवर काय हाय?"

हा प्रश्न मला झोपेतून उठवून विचारला असता तरी मी सांगितलं असतं. अकोल्याहून भंडारदऱ्याला जाणारा अख्खा रस्ता एका पठ्ठ्याने गेममध्ये बनवला होता. त्यात वळणावर चहाची टपरी होती आणि टपरीशेजारी त्याला एक शेळी बांधायची होती. पण काहीतरी चुकलं आणि शेळी जाऊन बसली छपरावर. तो तिला खाली आणू पाहत होता आणि आम्ही सगळे हातापाया पडून त्याला सांगत होतो, राहू दे रे बाबा, तिला राहू दे तिथेच.

"छपरावर शेळी," मी लिहिलं.

मग त्याने आपला फोन नंबर टाकला. मी लावला तर आधी नुसतं हसणंच ऐकू आलं.

"ताई," तो म्हणाला, "मी जीप भरायची वाट बघत अकोल्याच्या नाक्यावर हुबा हाय. स्टँडवर कुनी लिवलं म्हनून मोबाईल वाजला, तवापासनं माणसं बघत्यात माझ्याकडं. म्हनत्यात, ह्याला काय झालं, एकटाच हसतोय."

तो शेळीवाला. घरची भातशेती, आणि उरलेल्या वेळात अकोले ते भंडारदरा प्रवासी जीप. दिवसभर खऱ्या घाटातून गाडी चालवायची आणि घरी येऊन गेममध्ये तोच घाट बनवायचा, असलं त्याचं वेड. मी विचारलं, दादा, इतकी वर्षं कोणी उत्तर देत नव्हतं, तरी तुम्ही का येत राहिलात? तर म्हणे, "दिवाळीला आपन सगळ्यांच्या घरी जातो का न्हाई? कुलूप असलं तरी दारात उभं राहून येतो."

त्यानेच मला पानाच्या माथ्यावरची लाल अक्षरातली सूचना दाखवली. मी ती जाहिरात समजून वाचलीच नव्हती. ज्या कंपनीच्या जागेवर हा फोरम होता ती जुनी, बेवारस पानं काढून टाकणार होती. पान चालवणाऱ्याने महिना संपायच्या आत स्वतः येऊन लॉगिन केलं तर ठीक, नाहीतर सगळं कायमचं जाणार. लाल गाड्या, वरात, ट्रॅक्टर, शेळी, सगळं.

म्हणजे साहेबांना शोधायला हवं होतं. आणि साहेब कोण, कुठले, कोणालाच माहीत नव्हतं.

मग दोन-तीन दुपारी मी साहेबांची जुनी लिखाणं वाचून काढली. इकडे फोन कानाला, शेळीवाला पलीकडे. सापडलं ते एवढंच: "पेरू काढणीला आलेत, दोन दिवस येणार नाही." "गोदावरीला पाणी चढलंय, लाइट नाही." आणि एकदा, "रात्री पुणतांब्याच्या स्टेशनात गाडीने शिट्टी मारली की आमच्या खिडक्या वाजतात."

"पुणतांबा!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो चहा पीत होता. त्याने शांतपणे कप खाली ठेवला. "म्हणजे रविवारी आपण पुणतांब्याला जायचं. एका गेमच्या साहेबाला शोधायला. ज्याचं नाव माहीत नाही."

"हो."

"बरं. दशम्या घ्यायच्या का बरोबर?"

मी या माणसाशी लग्न केलं ते उगाच नाही.

शेळीवाला जीप घेऊन बाभळेश्वरच्या चौकात येणार होता आणि आम्ही नगरहून लाल गाडीने. ओळख पटावी म्हणून त्याने एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात "मागची सीट" असं लिहून आणलं होतं. आम्ही उतरलो तर हा सहा फुटी गडी चौकात पुठ्ठा धरून घामाघूम उभा, आणि भोवती चार-पाच जण त्याला विचारताहेत, मागची सीट कुठं जाती? त्याच्या जीपच्या मागच्या सीटवर एक आजी पिशवी मांडीवर घेऊन ऐसपैस बसलेल्याच होत्या.

"ह्या कोण?" मी विचारलं.

तो ओशाळला. "त्या म्हनल्या पुणतांब्याला जाती का. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, बसा."

आजींना उतरवायची कोणाचीच छाती नव्हती. मग मागच्या सीटवर आजी आणि मी, पुढे नवरा. दशम्या आजींनीही खाल्ल्या. वाटेत त्यांनी विचारलं, कोणाकडं चाललाय? आता काय सांगणार? मी म्हटलं, पेरूची बाग असलेले एक साहेब आहेत, कॉम्प्युटरवर बस चालवायचे.

"पेरूच्या बागा तर समद्यांच्याच हायत," आजी म्हणाल्या. "पर काम्पुटरपाशी बसून गाडीचा आवाज काढनारं घर एकच हाय. आमच्या वस्तीच्या अलीकडं. पर तिथं सायेब कोनी न्हाई बाई."

शेळीवाल्याने जीप अशी दामटली, की मला पहिल्यांदाच साहेबांच्या नियमाची आठवण करून द्यावी लागली.

घर बागेच्या कडेला होतं. ओट्यावर खाट टाकून एक काका पडले होते. पांढरा शर्ट, भरघोस मिशा. माझ्या डोक्यातले साहेब हुबेहूब! शेळीवाल्याने पायातल्या चपला काढल्या, पुढे होऊन वाकून नमस्कार केला आणि भरल्या आवाजात म्हणाला, "साहेब."

काका उठून बसले. त्यांनी मागे वळून पाहिलं, की मागे कोणी साहेब उभा आहे का. "कोन सायेब? बँकेतून आला का तुमी?"

"नाही काका," मी म्हटलं, "आम्ही त्या बसच्या गेमवाले. फोरमवरचे. तुम्हीच ना तो सुरू केला?"

"मला मोबाईलवर फोटो धाडता येत न्हाई," काका म्हणाले. मग त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटल्या आणि त्यांनी बागेकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए! तुझी मानसं आली वाटतं!"

झाडांतून एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, डोक्याला पंचा गुंडाळलेला, चष्मा दोरीने गळ्यात, कमरेवर पेरूची पाटी. आम्हा तिघांकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं. पाटी खाली ठेवली. चष्मा चढवला. आणि अगदी जरबेच्या आवाजात विचारलं:

"तुमच्यातला शेळीवाला कोण?"

शेळीवाल्याने हात वर केला, शाळेत करतात तसा. मी तर ओट्यावर बसलेच. हसावं की रडावं कळेना, मग मी हसले, तशा त्याही हसायला लागल्या, आणि मग ते हसणं कोणालाच आवरेना. आजी जीपमधून उतरून खास बघायला आल्या आणि काही न कळताच हसायला लागल्या.

साहेब या बाई होत्या! इतकी वर्षं!

चहा झाला तेव्हा त्यांनी सांगितलं. मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला. त्यात हा गेम होता. "एक दिवस बसले बघू म्हणून. उठले तेव्हा गोठ्यात गाया हंबरत होत्या, धारेची वेळ टळलेली." मग मुलाने सुट्टीत फोरम कसा उघडतात ते दाखवलं. पहिल्याच दिवशी कोणीतरी लिहिलं, "साहेब, आम्हाला पण घ्या." त्यांनी ते दुरुस्त केलं नाही.

"का हो?" मी विचारलं.

"एकदा साहेब झाल्यावर खाली कशाला उतरायचं?" त्या म्हणाल्या.

एका अवकाळी वादळात वीज पडून कॉम्प्युटर, टीव्ही आणि विहिरीच्या मोटरचा स्टार्टर एकदमच जळाले होते. स्टार्टर लगेच आणला, टीव्ही पुढे आला, कॉम्प्युटर आलाच नाही. पुढे त्यांना वाटलं, पोरं मोठी झाली असतील, कामाधंद्याला लागली असतील, आता कोण येतंय. शेळीवाल्याने त्यांना दर दिवाळीच्या ओळी दाखवल्या. त्यांनी त्या एकेक करून वाचल्या, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आण तो फोन. काय करायचं सांग."

करायचं एवढंच होतं, की त्यांचा पासवर्ड घालायचा. आणि पासवर्ड त्या विसरल्या होत्या.

मुलाचं नाव घालून पाहिलं, नाही. गावाचं घातलं, नाही. गायीचं घातलं, नाही. पडद्यावर आलं, की आता थोड्याच संधी उरल्या आहेत. शेळीवाला तुळशीपुढे जाऊन उभा राहिला. साहेब डोळे मिटून हवेत बोटं नाचवत होत्या, बोटांना आठवतंय का पाहत. माझा नवरा पेरू खात होता. त्याला सगळंच फार आवडलं होतं.

"काहीतरी मी टाइप करताना तोंडाने म्हणायचे," साहेब म्हणाल्या. "काय बाई म्हणायचे..."

"थांबा थांबा चला," काका खाटेवरून म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"काय?"

"रोज सांजच्याला त्या डब्याम्होरं बसली की म्हनायचीस, थांबा, थांबा, चला. मला वाटायचं मांजराला म्हनतीस."

साहेबांनी कपाळावर हात मारला. मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं. चुकलं! फक्त एक संधी उरली. साहेबांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला, "थांबा"च्या शेवटी दोन ए असतात म्हणाल्या, एका बोटाने, ओठ हलवत, एकेक अक्षर दाबलं आणि शेवटचं बटण दाबताना मान फिरवून घेतली.

"उघडलं!" शेळीवाला ओरडला. तो एवढ्या जोरात ओरडला, की बागेतले पोपट उडाले. त्याने माझ्या नवऱ्याला उचललं, खाली ठेवलं, मग काकांना उचलायला गेला, तर काका म्हणाले, मला नको, कंबर धरलीय. आजी म्हणाल्या, "काय उघडलं? मला पन दावा."

मग संध्याकाळ होईपर्यंत आम्ही कचरा काढत बसलो. साहेब माझ्या फोनवर, शेळीवाला त्याच्या फोनवर, मी मधून सांगायला. तिखट-मीठ लावलेल्या पेरूच्या फोडी मधे. टकलाची जाहिरात गेली. जुगार गेला. एकेक पुसताना साहेब म्हणायच्या, "उतर खाली." कंटाळा कोणालाच आला नाही. मधेच खालून एखादं जुनं लिखाण वर यायचं आणि आम्ही थांबून वाचायचो. माझंही एक सापडलं: "साहेब, माझी गाडी कालव्यात पडली आहे. काय करू?" खाली साहेबांचं उत्तर: "पोहता येतं का?"

निघताना साहेबांनी आम्हाला बजावलं. "मी बाई आहे हे कोणाला सांगायचं नाही. वेळ आली की मी बोलीन." शेळीवाल्याने भातुकलीतल्या पोरासारखी गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली, आणि सोबत आणलेला घरचा तांदूळ त्यांच्या हातात ठेवला. आजी तिथेच राहिल्या. त्यांना अजून सगळं विचारायचं होतं.

त्या संध्याकाळी स्टँडवर साहेबांची घोषणा लागली: "स्टँड पुन्हा सुरू झाला आहे. जुन्या उतारूंनी आपापल्या जागा पकडाव्यात." आम्ही जुन्या ईमेलवर, ओळखीपाळखीत, मिळेल तिथे निरोप धाडले. पहिले दोन दिवस सामसूम. मी गोळ्या मोजता मोजता पान उघडत होते, बंद करत होते. तिसऱ्या दिवशी वरात बनवणारा आला. तो आता नाशकात दोन मुलांचा बाप होता. मग पुण्याचा एक आला, कॉम्प्युटरमधलं भलतंच अवघड काम करणारा. त्याने आठवड्यात अशी सोय करून दिली, की सगळ्यांना एकाच रस्त्यावर एकाच वेळी आपापली गाडी चालवता येईल आणि बोलताही येईल. मग हॉर्नवाला दुबईहून आला. त्याला मी सांगितलं, तुमचा हॉर्न नगरमध्ये अजून फिरतोय. त्याने नुसते हसरे चेहरे पाठवले, पडदा भरून. रोज कोणी ना कोणी येत होतं आणि प्रत्येक जण आधी हेच विचारत होता, शेळी आहे ना?

ठरलं, की दिवाळीत भाऊबीजेच्या दुपारी सगळ्यांनी मिळून शेळीवाल्याच्या रस्त्याने जायचं. अकोल्याच्या स्टँडवरून निघून भंडारदऱ्याच्या धरणापर्यंत. ओव्हरटेक करायचं नाही. सगळ्यात पुढे साहेब. त्यांच्या मुलाने दिवाळीला येताना पुण्याहून आईसाठी कॉम्प्युटर आणला होता.

त्या दिवशी दुकान उघडं ठेवणं भागच होतं. भाऊबीजेला लाडू-करंज्यांनी पोट बिघडलेली माणसं येतातच. मी बिलाच्या कॉम्प्युटरवर गेम लावला, कानाला हेडफोन चढवला, नवऱ्याला काउंटरवर उभं केलं. पडद्यावर अकोल्याचा स्टँड दिसला आणि त्यात एकामागे एक लाल गाड्या लागलेल्या. प्रत्येकीत कुठलं तरी खरं माणूस बसलेलं.

सगळे एकमेकांना हाका मारत होते. आवाजात आवाज मिसळत होते. मग एक शांत, जरबेचा आवाज आला.

"नमस्कार मंडळी. मी साहेब."

माझ्या दुकानातला पंखासुद्धा ऐकू यायला लागला. शेवटी नाशिकवाला भीत भीत म्हणाला, "साहेबांच्या घरून वहिनी बोलताहेत का?"

"वहिनी नाही. साहेबच. पुढच्या गाडीत बसलेय."

कोणीतरी खुर्चीवरून पडल्याचा आवाज आला. मग एक हॉर्न वाजला. मग दुसरा, तिसरा, आणि मग सगळ्यांनी मिळून जे हॉर्न दाबून धरले, की मला हेडफोन काढून फेकावा लागला, आणि तो आवाज काउंटरपर्यंत गेला. ओव्याचा अर्क मागायला आलेले एक आजोबा माझ्यामागे येऊन पडद्यात पाहायला लागले. "ही यष्टी कुठं चाललीय?" म्हणाले.

"भंडारदऱ्याला."

"मंग थांबतो जरा," म्हणून ते स्टूल ओढून बसले.

आम्ही निघालो. उसाचे ट्रॅक्टर आडवे आले. नाशिकवाला स्वतःच्याच वरातीत अडकला आणि वरात हलेना. त्याच्या मागे चार गाड्या ताटकळल्या. त्याची मुलगी मागून ओरडत होती, पप्पा, नाचा आता खाली उतरून! घाट लागला. माझा पाय काउंटरखाली नसलेला ब्रेक दाबत होता. "अ‍ॅसिडिटीची गोळी कुठे ठेवलीस?" नवरा विचारत होता. "डावीकडे, खालून दुसरा कप्पा, उतार आहे, बोलू नकोस!" आजोबा म्हणाले, "पोरी, गियर टाक." टपरी दिसली तशी सगळ्या गाड्या न सांगता थांबल्या. छपरावर ती उभी होती, पांढरी, आमच्याकडे पाठ करून. शेळीवाला नाक ओढत होता हे सगळ्यांना ऐकू आलं.

धरणाशी पोहोचलो तेव्हा दुबईवाल्याची गाडी सरळ पाण्यात गेली आणि तरंगायला लागली. "साहेब, काय करू?" तो ओरडला. साहेबांना हसताना स्टँडने पहिल्यांदा ऐकलं. आजोबा ओव्याचा अर्क न घेताच गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, म्हणाले, पोट आपोआप बरं झालं, आज कुठं जाती?

भात निघाल्यावर शेळीवाल्याने आम्हाला घरी बोलावलं. आम्ही दोघं, साहेब आणि काका. त्याच्या घराच्या अंगणातून खाली भातखाचरं दिसत होती, कापणी झालेली, मोकळी, पायरी-पायरीने उतरत गेलेली. जेवायला आमटी, नव्या तांदळाचा भात, कुळथाचं पिठलं. जेवण झाल्यावर साहेब जीपपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिच्या टपावर त्यांनी हात ठेवला.

"मला गाडी येते," त्या म्हणाल्या.

"साहेब, गेममधली," शेळीवाला म्हणाला.

"गाडी ती गाडी."

शेळीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "द्या हो, शेत मोकळंच आहे." जीप सगळ्यात मोठ्या खाचरात उतरवली. साहेबांनी पदर खोचला, डोक्याला पंचा गुंडाळला आणि स्टिअरिंगमागे बसल्या. काका मागे बसले. त्यांना खाली राहणं जास्त धोक्याचं वाटलं. क्लच सोडला आणि जीप उडी मारून बंद पडली. पुन्हा. पुन्हा. "क्लच हळू सोडा, लोण्यागत," शेळीवाला बाजूने धावत सांगत होता. मग कसं कोण जाणे, ती निघाली. धसकटांवरून खडखडत, वाकडी, मग सरळ, मग बांधाला वळसा घालून. साहेबांचा पंचा सुटून मागे उडाला. त्या मोठमोठ्याने काहीतरी ओरडत होत्या आणि काका मागे दोन्ही हातांनी दांडी धरून डोळे गच्च मिटून बसले होते. आम्ही बांधावरून टाळ्या वाजवत, उड्या मारत होतो. माझ्या पायातली एक चप्पल कुठे गेली ते मला नंतर कळलं.

तिसऱ्या फेरीनंतर जीप पेंढ्याच्या गंजीत अलगद घुसून थांबली. साहेब खाली उतरल्या. केसांत पेंढा, चेहरा लालबुंद.

"आता सांग," त्या शेळीवाल्याला म्हणाल्या, "खरा घाट कुठून सुरू होतो?"

शेळीवाल्याने आधी जीपची किल्ली काढून खिशात घातली आणि मगच तो हसायला लागला.